ब्रोशरवर ‘अमेरिकन सरकारचं संशोधन’ लिहिलंय? पैसे देण्याआधी असं तपासा

ऊसतोड सुरू झाली की आपल्या भागात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. दुसरी म्हणजे काहीतरी विकायला आलेला माणूस.

गेल्या हंगामात असाच एक जण हुक्केरी तालुक्यात आमच्या दाजींच्या गावात आला. शेतातल्या पाचटापासून पेलेट बनवायचं मशीन होतं. सोबत गुळगुळीत कागदाचं रंगीत ब्रोशर. त्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं, ‘अमेरिकन सरकारच्या ऊर्जा खात्याने संशोधन करून सिद्ध केलेले तंत्रज्ञान’. खाली बारीक अक्षरात एका रिपोर्टचा नंबरही. पाचट जाळून टाकण्यापेक्षा पेलेट करा, कारखान्याचा बॉयलर डोळे झाकून घेईल, असं त्याचं म्हणणं. नऊ शेतकऱ्यांनी मिळून दोन लाख आगाऊ द्यायचं ठरवलंही होतं.

दाजींचा फोन आला. “तू लिहिणारा माणूस, तुला ठाऊक असंल. हे अमेरिकेचं खरं हाय काय बघ जरा.”

“दाजी, पैसे दिलेत काय?”

“अजून न्हाई. सोमवारी द्यायचे हाईत.”

“मग सोमवारपर्यंत थांबा. मी बघून सांगतो.”

बघायला अर्धा तास लागला, आणि एक रुपयाही खर्च झाला नाही. अमेरिकन सरकारच्या पैशातून झालेलं ऊर्जा संशोधन बहुतांशी सगळ्यांसाठी खुलं आहे, तेही फुकट. आपल्यातल्या फार थोड्यांना हे माहीत आहे. म्हणून हा लेख.

हे भांडार नेमकं काय आहे?

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं एक कार्यालय आहे, वैज्ञानिक आणि तांत्रिक माहिती कार्यालय. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘ओएसटीआय’ म्हणतात. टेनेसी राज्यातल्या ओक रिज गावात ते आहे. हे गावच मुळात दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या गुप्त प्रकल्पासाठी वसवलेलं. युद्ध संपल्यावर प्रश्न आला, की एवढं संशोधन झालं, त्यातलं जे उघड करता येईल ते लोकांपर्यंत न्यायचं कसं? त्यातून १९४७ मध्ये या कार्यालयाची सुरुवात झाली. १९४८ पासून अणुविज्ञानावरच्या लेखांचे सारांश छापून निघू लागले.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेला जाग आली. १९७७ मध्ये जिमी कार्टर अध्यक्ष असताना स्वतंत्र ऊर्जा खातं तयार झालं. मग अणूच्या जोडीला सूर्य, वारा, कोळसा, बायोमास, बॅटरी असं सगळंच या भांडारात येऊ लागलं. २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्यानं तर हे भांडार लोकांसाठी खुलं ठेवणं खात्याला बंधनकारकच केलं.

आज इथे ३० लाखांहून जास्त नोंदी आहेत. ऊर्जा खात्याच्या १७ राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि खात्याकडून अनुदान घेणारी विद्यापीठं व कंपन्या यांचे रिपोर्ट इथे जमा होतात. अनुदान घेतलं की काम संपल्यावर अंतिम तांत्रिक अहवाल द्यावा लागतो. पैसा जनतेचा, म्हणून हिशोबही जनतेपुढे, असा साधा व्यवहार आहे.

शोधायचं कसं?

ब्राउझरमध्ये ओएसटीआय डॉट जीओव्ही हा पत्ता इंग्रजी अक्षरांत टाका. लॉगिन नाही, ओटीपी नाही, फी नाही. समोर शोधाचा रकाना येतो. साध्या मोबाइलवरही चालतं.

पहिली गोष्ट, शब्द इंग्रजीतच टाकावे लागतात. स्पेलिंगची धास्ती असेल तर फोनवरचं व्हॉइस टायपिंग इंग्रजीवर ठेवा आणि बोला. ‘बगॅस’, ‘शुगरकेन’, ‘सोलर पंप’ हे शब्द फोन बरोबर उचलतो.

दुसरी गोष्ट, रिपोर्टचा नंबर हाताशी असेल तर तोच टाका. नंबरनं शोधलं की हजार नोंदींतून बरोबर ती एक समोर येते. नावानं शोधायचं असेल तर पूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घाला. म्हणजे ते शब्द त्याच क्रमानं असलेल्या नोंदी आधी मिळतात.

तिसरी गोष्ट, नंबर नसेल तर विषय सुटा करा. नुसतं ‘बायोमास’ टाकलं तर ढीग कोसळेल. आपल्याला खरा प्रश्न काय पडलाय ते आधी ठरवा. ‘पाचट जाळल्यावर बॉयलरला काय होतं?’ हा प्रश्न असेल तर बायोमास, अ‍ॅश, बॉयलर, डिपॉझिट हे शब्द एकत्र टाका.

चौथी गोष्ट, निकाल आले की चाळण लावा. वर्ष निवडता येतं. नोंदीचा प्रकारही निवडता येतो, म्हणजे तांत्रिक अहवाल, जर्नलमधला लेख, परिषदेतला निबंध, प्रबंध, पेटंट, डेटा. फक्त पूर्ण मजकूर उपलब्ध असलेल्या नोंदी पाहण्याचीही सोय आहे. घाईत असाल तर तीच चाळण आधी लावा.

नोंद उघडली, आता काय बघायचं?

बहुतेक जण इथेच चुकतात. शीर्षक वाचतात, अमेरिकेचं चिन्ह बघतात आणि खिडकी बंद करतात. त्याऐवजी पाच रकाने बघा.

सारांश: दहा-बारा ओळींचा असतो. इंग्रजी जड वाटलं तर भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाका, अंदाज येतो.

तारीख: ३० वर्षांपूर्वीचा रिपोर्ट चुकीचा असतोच असं नाही. पण किमती, यंत्रं, बाजार बदललेला असतो. रसायनशास्त्र तेच राहतं, हिशोब तोच राहत नाही.

संशोधन करणारी संस्था: काम प्रत्यक्ष कुणी केलं? राष्ट्रीय प्रयोगशाळेनं, विद्यापीठानं, की मशीन विकणाऱ्या कंपनीनंच?

पैसे देणारी संस्था: हा रकाना फार महत्त्वाचा. या भांडारात इतर देशांतल्या संशोधनाच्या जुन्या नोंदीही आहेत. म्हणजे एखादी गोष्ट इथे दिसली म्हणून अमेरिकन सरकारनं तिला पैसे दिलेच असतील असं नाही. पैसे कुणाचे ते इथे कळतं.

करार क्रमांक: ऊर्जा खात्याचे करार इंग्रजी ‘डी’ आणि ‘ई’ या अक्षरांनी सुरू होतात. हा क्रमांक उचलून पुन्हा शोधला की त्याच करारातले बाकीचे अहवालही सापडतात. मात्र राष्ट्रीय प्रयोगशाळांचा करार सगळ्या प्रयोगशाळेचा मिळून एकच असतो, तिथे हजारो नोंदी येतील. छोट्या अनुदानाच्या बाबतीत ही युक्ती भारी चालते.

मग पूर्ण रिपोर्ट उघडा. सगळा वाचायची गरज नाही. सुरुवातीचा गोषवारा आणि शेवटचे निष्कर्ष वाचा, मधले तक्ते चाळा. आणि हो, मुखपृष्ठानंतरच्या पानावरची बारीक अक्षरातली सूचना जरूर वाचा. ऊर्जा खात्याच्या जवळजवळ प्रत्येक अहवालात ती असते. तिचा मतलब असा, की हा अहवाल सरकारी पैशातून झाला असला तरी मजकुराच्या अचूकतेची हमी सरकार देत नाही, आणि यात एखाद्या कंपनीचं किंवा मालाचं नाव आलं म्हणजे सरकारनं त्याची शिफारस केली असं होत नाही.

आता ब्रोशरवरचं ‘सिद्ध केलेले तंत्रज्ञान’ पुन्हा वाचा.

दाजींच्या ब्रोशरमधला रिपोर्ट

ब्रोशरवरचा नंबर टाकला तर रिपोर्ट निघाला. नंबर खरा होता, रिपोर्टही खरा. कोलोरॅडो राज्यातल्या राष्ट्रीय अक्षय्य ऊर्जा प्रयोगशाळेनं करवून घेतलेला, १९९० च्या दशकातला. बायोमासवर चालणाऱ्या वीज प्रकल्पांच्या बॉयलरमध्ये साचणाऱ्या अल्कली थरांचा अभ्यास. थॉमस माइल्स आणि सहकाऱ्यांनी केलेला, त्यात सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले संशोधक होते.

शीर्षकात बायोमास, वीज प्रकल्प, सगळं आहे. ब्रोशर छापणाऱ्यानं बहुधा तेवढंच बघितलं. पण रिपोर्ट सांगतो ती गोष्ट उलटी आहे. गवत, काड, पेंढा यांसारखं इंधन बॉयलरमध्ये जाळलं की राख नळ्यांवर कशी चिकटते, खडे कसे धरतात आणि त्यामुळे प्रकल्प कसे अडचणीत येतात, हा त्याचा विषय.

कारण सोपं आहे. काचेच्या कारखान्यात वाळू कमी उष्णतेत वितळावी म्हणून सोडा घालतात. पानात आणि काडात वाळूचाच घटक, म्हणजे सिलिका, भरपूर असते. सोबत पोटॅशियमही असतं. बॉयलरच्या उष्णतेत पोटॅशियम सोड्याचं काम करतं. राख मऊ होते, वितळते आणि नळ्यांवर काचेसारखी बसते. क्लोरीन असेल तर पोटॅशियम वाफेतून आणखी पुढे जातं आणि नळ्याही खराब होतात.

हे मोजायला एक अंगठेनियम आहे. इंधनातून मिळणाऱ्या दर दहा लाख बीटीयू उष्णतेमागे अल्कलीचं प्रमाण ०.४ पौंडाच्या वर गेलं तर थर धरण्याची शक्यता, ०.८ च्या वर गेलं तर जवळपास खात्री. आपल्या मापात सांगायचं तर गिगाज्यूलमागे ०.१७ आणि ०.३४ किलो.

आता कुणी म्हणेल, आपले कारखाने वर्षानुवर्षं बगॅस जाळतात, त्यांना कुठे काय होतं? प्रश्न रास्त आहे. पण बगॅस आणि पाचट एकाच उसाचे असले तरी इंधन म्हणून सारखे नाहीत. ऊस गाळताना त्यावर पाणी मारून रस पिळून काढतात. त्या पाण्याबरोबर पोटॅशियम आणि क्लोरीन बरंचसं निघून जातं. म्हणजे बगॅस एका अर्थी धुतलेलं इंधन आहे. पाचट तसं नाही. ते रानातून थेट येतं, वर मातीही चिकटलेली असते. काड पाण्यानं धुतलं किंवा पावसात भिजू दिलं तर पोटॅशियम कमी होतं, हेही डेव्हिसच्या संशोधकांनी दाखवलंय. पण आपल्याकडे तोड होते ती पाऊस सरल्यावर. धुऊन परत वाळवायचं म्हटलं तर खर्च कोण करणार?

याचा अर्थ पाचटाचे पेलेट टाकाऊ असा नाही. बगॅसमध्ये थोडं मिसळून जाळता येतं, त्यासाठी जमवलेले बॉयलरही असतात. पण ‘कुठलाही बॉयलर डोळे झाकून घेईल’ हे त्या रिपोर्टमध्ये कुठेच नाही. ब्रोशर पूर्ण खोटं नव्हतं, अर्धवट होतं. आणि अर्धवट गोष्ट पकडायला जास्त अवघड जाते.

प्रकल्प मंजूर झाला म्हणजे यशस्वी झाला असं नव्हे

हे भांडार वाचताना ही एक गोष्ट मनात पक्की ठेवा. संशोधनाला पैसे मिळणं आणि संशोधन फळाला येणं यात मोठं अंतर आहे.

२००७ मध्ये अमेरिकन ऊर्जा खात्यानं लाकडाच्या टाकाऊ भागापासून इथेनॉल करायच्या एका मोठ्या प्रकल्पाला ७ कोटी ६० लाख डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. रेंज फ्युएल्स कंपनीचा हा प्रकल्प जॉर्जिया राज्यातल्या सोपर्टन गावात उभा राहिला. २०११ मध्ये तो बंद पडला आणि २०१२ च्या सुरुवातीला ५१ लाख डॉलरना विकला गेला. २००७ सालची बातमी दाखवून कुणी आज तंत्रज्ञान विकलं तर ऐकणाऱ्याला पुढचं कळणार कसं?

उलट, चांगला नमुनाही आहे. शेवाळापासून बायोडिझेल करता येईल का, यावर अमेरिकेनं १९७८ ते १९९६ अशी १८ वर्षं काम केलं. सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च झाले. शेवटी हिशोब खनिज तेलाच्या भावापुढे टिकला नाही आणि कार्यक्रम बंद केला. पण बंद करताना १९९८ मध्ये सगळ्याचा आढावा घेणारा मोठा अहवाल काढला, काय जमलं, काय जमलं नाही, का जमलं नाही. तो आजही फुकट वाचता येतो. शेवाळाच्या तेलाची योजना घेऊन कुणी दारात आलं तर आधी तो अहवाल चाळावा.

म्हणून नेहमी अंतिम अहवाल शोधा. शीर्षकात ‘फायनल रिपोर्ट’ किंवा ‘फायनल टेक्निकल रिपोर्ट’ असे शब्द असतात. नुसत्या मंजुरीच्या बातमीवर विसंबू नका.

काय मिळणार नाही?

सगळंच मिळेल असं नाही. काही जुन्या नोंदींत फक्त नाव आणि सारांश असतो. छोट्या उद्योगांना दिलेल्या संशोधन अनुदानातली तांत्रिक माहिती कायद्यानं काही वर्षं गुप्त ठेवता येते. जर्नलमधल्या लेखांचं म्हणाल तर २०१४ पासून ऊर्जा खात्यानं लेखकाची स्वीकारलेली प्रत खुली करायला सुरुवात केली. त्यामुळे एखादा लेख प्रकाशकाच्या साइटवर पैसे मागत असेल तर तोच इथे शोधून बघा, बऱ्याचदा सापडतो.

आणि मुख्य मर्यादा म्हणजे संशोधन तिथलं आहे. तिथलं इंधन, तिथले बॉयलर, तिथली हवा. आपल्या उसाची जात, आपली काळी माती, आपला कारखाना यांची जागा तो रिपोर्ट घेऊ शकत नाही. काय विचारायचं ते मात्र तो शिकवतो.

आपल्या बाजूचं काय?

या भांडारात भारताचंही काम आहे. २०१२ मध्ये भारत-अमेरिका संयुक्त स्वच्छ ऊर्जा संशोधनातून सौरऊर्जेवर एक केंद्र सुरू झालं. त्याचं नेतृत्व बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि कोलोरॅडोतली तीच प्रयोगशाळा मिळून करत होत्या. त्या कामावरचे लेख ओएसटीआयवर सापडतात.

देशातल्या संशोधनासाठी ‘शोधगंगा’ आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे भांडार, देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. आपल्या बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणण्याआधी ही दोन्ही दारं एकदा ठोठावावीत. विषय मिळेल, आणि आधी कोण कुठे अडलं तेही कळेल. साखर आणि बगॅसचा प्रश्न असेल तर बेळगावातच एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे. छापील रिपोर्ट हातात घेऊन तिथे गेलात तर बोलणं नेमकं होतं.

विक्रेत्याला हे विचारा

१. कुठल्या रिपोर्टमध्ये लिहिलंय? नंबर द्या. नुसतं ‘अमेरिकेत सिद्ध झालंय’ चालणार नाही.

२. त्या रिपोर्टमध्ये इंधन कुठलं होतं? लाकूड, गव्हाचं काड, की उसाचं पाचट?

३. प्रयोग केवढा होता? प्रयोगशाळेतली भट्टी की चालता कारखाना?

४. आमच्या पाचटाच्या राखेची तपासणी करून दाखवाल काय?

५. माल घेणारा कोण? त्याचं लेखी पत्र आहे काय?

दाजींनी सोमवारी हेच पाच प्रश्न विचारले. सोबत रिपोर्टचं पहिलं पान आणि ती बारीक अक्षरातली सूचना छापून नेली होती. विक्रेता म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. आगाऊ रक्कम त्या दिवशी दिली गेली नाही. नऊ जणांपैकी दोघांचं अजून मत आहे की मशीन घ्यायला हवं होतं, आणि ते चूकच आहेत असं कुणी म्हणणार नाही. पण आता घ्यायचंच झालं तर आधी राखेची तपासणी आणि कारखान्याचं लेखी पत्र, यावर नऊही जणांचं एकमत आहे. तोवर निम्मं पाचट सरीत आच्छादन म्हणून पसरलंय.

परवा दाजींचा पुन्हा फोन आला. आता सोलर पंपावाला आलाय म्हणे.

“तुला विचारायला फोन न्हाई केला,” ते म्हणाले. “नंबर मागितलाय त्याच्याकडं. पोरगी बघतीया मोबाइलवर.”